घरबसल्या ग्रंथालयाचे डेटाबेस: डॉ. आनंदीबाईंचा माग काढायचा असेल तर

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेसाठी त्यांना डॉ. आनंदीबाई जोशींच्या अमेरिकेतल्या वास्तव्यावर लेख लिहायचा आहे. गावच्या पब्लिक लायब्ररीच्या वेबसाइटवर डेटाबेसची, म्हणजे जुनी वर्तमानपत्रं, नियतकालिकं, नोंदी शोधण्याच्या ऑनलाइन संग्रहांची, भलीमोठी यादी दिसते, पण घरून उघडायला जावं तर कधी पासवर्ड मागतात, कधी सरळ पैसे. कुठून शिरायचं आणि काय शोधायचं? डिसेंबरात पुण्याला गेल्यावर हे चालेल का? आणि पुण्यातल्या भाचीला आपलं कार्ड वापरायला दिलं तर?

ताई, मी न्यू जर्सीतच सार्वजनिक ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात काम करते, आणि आपल्या माणसांकडून हा प्रश्न वरचेवर येतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पैशांचं. एक डॉलरही भरू नका. ज्या पानावर पैसे मागतात त्या पानावर तुम्ही चुकीच्या वाटेने पोचलेल्या असता. हे डेटाबेस ग्रंथालयाने विकत घेतलेले आहेत आणि ते पैसे तुमच्याच खिशातून गेलेले आहेत. न्यू जर्सीत नगरपालिकेच्या ग्रंथालयासाठी मालमत्तेच्या मूल्यावर डॉलरमागे एक-तृतीयांश मिल, म्हणजे तीन हजार डॉलरला एक डॉलर, एवढा किमान निधी कायद्याने ठरवून दिलेला आहे. सहा लाख डॉलर मूल्याच्या घरामागे वर्षाला साधारण दोनशे डॉलर झाले. भाड्याने राहत असाल तर तो भाग घरमालकामार्फत तुम्हीच भरता. त्यामुळे संकोच नको. काही डेटाबेस गावाचं ग्रंथालय घेतं, काही काउंटीचा ग्रंथालय-संघ, तर काही ट्रेंटनची स्टेट लायब्ररी अख्ख्या राज्यासाठी. वेबसाइटवर ते एकाच यादीत दिसतात, तेव्हा कोणी घेतलं याची काळजी तुम्हाला करायची नाही.

लागतं फक्त कार्ड. मागच्या बाजूला जो लांब बारकोड नंबर असतो तोच तुमचा लॉगिन, आणि पिन बहुतेक ठिकाणी सुरुवातीला फोन नंबरचे शेवटचे चार आकडे असतो. नंबर टाकताना मधे जागा सोडू नका. कार्डावर वाचायला सोपं जावं म्हणून मोकळी जागा ठेवून छापलेला असतो, तो तसाच टाइप केला की लॉगिन नाकारलं जातं. नंबर बरोबर असूनही नाकारलं तर कार्डाची मुदत संपलेली असते किंवा परत न केलेल्या पुस्तकाचे पैसे थकलेले असतात. दोन्ही गोष्टी एका फोनवर सुटतात.

आता दार. ग्रंथालयाच्या इमारतीत बसून डेटाबेस उघडला तर तो काही विचारत नाही, कारण इमारतीतल्या संगणकांचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा ओळखक्रमांक, डेटाबेस विकणाऱ्या कंपनीच्या यादीत नोंदवलेला असतो. घरचं वायफाय त्या यादीत नाही. म्हणून मधे एक प्रॉक्सी सर्व्हर बसवतात. तुम्ही ग्रंथालयाच्या पानावरच्या दुव्यावर टिचकी मारता, प्रॉक्सी कार्ड तपासतो आणि तुमची मागणी ग्रंथालयाच्या नावाने पुढे पाठवतो. कंपनीला वाटतं की तुम्ही इमारतीतच आहात. हे समजलं की निम्मे घोळ आपोआप उलगडतात. गूगलवर डेटाबेसचं नाव शोधून गेलात तर प्रॉक्सी वाटेत येतच नाही, कंपनीला तुम्ही अनोळखी, आणि पैशांचं पान समोर. म्हणून दर वेळी सुरुवात ग्रंथालयाच्या वेबसाइटवरून करायची. 'डेटाबेसेस', 'रिसर्च' किंवा 'ई-रिसोर्सेस' असं काहीतरी लिहिलेलं असतं, तिथून अकारविल्हे यादीत जायचं.

ऑफिसचा लॅपटॉप मात्र यासाठी वापरू नका. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत आयटीतली नोकरी, आणि लॅपटॉपवर कंपनीचा व्हीपीएन, म्हणजे सगळी वाहतूक ऑफिसच्या जाळ्यातून नेणारी व्यवस्था, कायम चालू. त्यामुळे प्रॉक्सी गोंधळतो, लॉगिन गोल गोल फिरत राहतं. घरचा संगणक घ्या, जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन तेवढ्यापुरतं बंद करा. फोनवर शोधता येतं, पण जुन्या वर्तमानपत्राचं पान फोनवर वाचायचं म्हणजे डोळ्यांना शिक्षा.

एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचं कार्ड न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यालाच मिळतं असं नाही. तिथे नोकरी करणाऱ्याला किंवा शिकणाऱ्यालाही ते फुकट मिळतं. घरातलं कोणी एडिसनहून किंवा जर्सी सिटीहून रोज मॅनहॅटनला जात असेल, तर त्यांनी ते जरूर काढावं. तिथल्या डेटाबेसची यादी लहान गावाच्या ग्रंथालयाच्या कितीतरी पट आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या रहिवाशांना बोस्टन पब्लिक लायब्ररीचं ई-कार्ड तसंच मिळतं.

आता तुमच्या विषयाकडे वळू. यादीत शंभर नावं दिसली की माणूस दडपतो. तुमच्या कामाला त्यातली तीन-चारच लागतील. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या चाचण्या, शेअर बाजार, मुलांचा अभ्यास, भाषा शिकणं यांचे डेटाबेस उत्तम आहेत, गाडी किंवा वॉशिंग मशीन घेताना कन्झ्युमर रिपोर्ट्स घरून फुकट वाचता येतं हेही लक्षात ठेवा, पण आत्ता ते बाजूला ठेवू. तुम्हाला हवी आहेत जुनी वर्तमानपत्रं. यादीत 'प्रोक्वेस्ट हिस्टॉरिकल न्यूजपेपर्स', 'न्यूजबँक', 'गेल' किंवा 'न्यूजपेपर्स डॉट कॉम'ची ग्रंथालय आवृत्ती यांपैकी काय आहे ते बघा. न्यूयॉर्क टाइम्सचा १८५१ पासूनचा संग्रह प्रोक्वेस्टमध्ये आहे आणि तो पुष्कळ ग्रंथालयांकडे असतो. मोठ्या ग्रंथालयांच्या यादीत टाइम्स ऑफ इंडियाचा जुना संग्रहही शोधा. तो १८३८ पासून सुरू होतो, तेव्हा पत्राचं नाव बॉम्बे टाइम्स होतं. आनंदीबाई परत गेल्यानंतरचे दिवस आणि त्यांचा मृत्यू यांसाठी त्याचा उपयोग होईल.

शोधायला बसण्याआधी कागदावर तारखा मांडून घ्या. माझ्या मते या कामात यापेक्षा मोलाचं दुसरं काही नाही. आनंदीबाई कलकत्त्याहून निघून ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. रोझेलला, म्हणजे आपल्याच युनियन काउंटीत, थिओडिसिया कार्पेंटर बाईंच्या घरी राहिल्या. मग फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकून ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर झाल्या, त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. ऑक्टोबर १८८६ मध्ये त्यांनी अमेरिका सोडली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांच्या अस्थी इकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे दफनभूमीतल्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवल्या गेल्या. म्हणजे तुमची चौकट जून १८८३ ते १८८७ अखेर. ही तारखांची मर्यादा शोधाच्या पानावर आधीच घालायची. नाहीतर गेल्या पन्नास वर्षांतले लेख वर तरंगत येतात आणि मूळ बातमी तळाशी राहते.

पुढचा मुद्दा नावाचा, आणि इथेच बहुतेकांचा शोध फसतो. तुम्ही आज लिहाल तसं, शेवटी आय लावून 'जोशी' टाकलंत तर हाती फारसं लागणार नाही. त्या स्वतः आणि तिथले लोक शेवटी डबल ई लिहीत. पोकिप्सीच्या समाधीच्या दगडावरही तसंच कोरलेलं आहे. पहिलं नावही एका रूपात नाही. कॅरोलिन डॉल यांनी १८८८ मध्ये बोस्टनमधून त्यांचं चरित्र काढलं, त्याच्या शीर्षकात ते 'आनंदाबाई' असं आहे. बातमीदाराने तर कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असणार. म्हणून पहिलं नाव सोडून द्या आणि आडनावावर काम करा. पहिल्या चौकटीत आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं मधे मोठ्या अक्षरांतलं 'ऑर' घालून लिहा. दुसऱ्या चौकटीत असे शब्द लिहा जे १८८३ चा अमेरिकी बातमीदार वापरेल. तो 'इंडियन' लिहिणार नाही, कारण त्याच्या वाचकाला त्याचा अर्थ मूळ अमेरिकी टोळ्यांतला माणूस असा वाटेल. तो लिहील 'हिंदू', तेही शेवटी डबल ओ घालून, किंवा 'ब्राह्मिन लेडी', किंवा 'हाय कास्ट'. 'इमिग्रंट', 'फीमेल डॉक्टर ऑफ कलर' अशी आजच्या शोधनिबंधांतली भाषा इथे काही देणार नाही. पुण्याचं स्पेलिंग 'पूना'. कोल्हापूरचं शेवटी ओ-आर-ई लावूनही करून बघा, कारण आनंदीबाईंची नेमणूक कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागावर झाली होती. त्या हॉस्पिटलचं नाव अवतरणचिन्हांत घालून टाइम्स ऑफ इंडियात शोधणं हा एक स्वतंत्र आणि चांगला शोध आहे.

तारांकन वापरण्याचा सल्ला सगळीकडे वाचाल. शब्दाचं मूळ लिहून पुढे तारा ठेवला की सगळी रूपं येतात, हे खरं आहे. पण इथे जे-ओ-एस-एच लिहून तारा ठेवलात तर 'जोशुआ' नावाच्या प्रत्येक शेतकऱ्याची, पाद्र्याची आणि दिवाळखोराची बातमी पडद्यावर येईल, आणि एकोणिसाव्या शतकातल्या न्यू इंग्लंडमध्ये जोशुआंना तोटा नव्हता. त्यापेक्षा जवळिकीचा शोध वापरा. प्रोक्वेस्टमध्ये दोन शब्दांच्या मधे 'निअर', तिरकी रेघ आणि आकडा लिहिला की ते दोन शब्द तेवढ्या शब्दांच्या अंतरात असलेलीच पानं येतात. आडनाव आणि 'हिंदू' दहा शब्दांच्या आत, एवढं केलंत की गर्दी ओसरते. एब्स्को (अशीच आणखी एक डेटाबेस कंपनी) आणि गेलमध्ये याच कामाला नुसतं एन अक्षर आणि त्याला चिकटून आकडा.

एवढं करूनही शून्य आलं तर निराश होऊ नका. जुन्या पानांचं छायाचित्र घेऊन मशीनने अक्षरं ओळखलेली असतात. झिजलेला टाइप, पुसट शाई, कुठे घडीवर आलेला शब्द. मशीन ई ला सी वाचतं, एच ला बी वाचतं. तुम्ही शोधता ते आडनाव पानावर ठळक छापलेलं असतं, पण मशीनला ते दुसरंच काही दिसलेलं असतं. अशा वेळी नाव पूर्णपणे सोडा. 'विमेन्स मेडिकल कॉलेज' अवतरणचिन्हांत घाला आणि तारीख १० ते २० मार्च १८८६ ठेवा. पदवीदानाच्या बातम्या दर वर्षी छापल्या जात, आणि एवढ्या चिमुकल्या चौकटीत आलेली दहा-पंधरा पानं डोळ्यांनी वाचता येतात. तशीच ४ जून १८८३ च्या आसपासची जहाजांच्या आगमनाची सदरं. मशीन चुकतं तिथे तारीख आणि डोळे वापरायचे.

शोधाच्या चौकटीशेजारी एक खाली उघडणारी यादी असते, तिकडेही नजर टाका. काही डेटाबेस नुसतं शीर्षक आणि सारांश शोधतात. जुन्या बातम्यांना बहुधा सारांश नसतो. तिथे 'फुल टेक्स्ट' किंवा 'एनीव्हेअर' निवडलं नाही तर आतल्या मजकुरात नाव असूनही बातमी येत नाही.

बातमी सापडली की लगेच जतन करा, 'नंतर बघू' म्हणू नका. थोडा वेळ काही केलं नाही की सत्र संपतं. वरच्या पट्टीतला पत्ता जपून ठेवण्यात अर्थ नाही, तो त्या सत्रापुरता असतो. पानावर 'परमालिंक' किंवा 'स्टेबल लिंक' असते ती घ्या, पीडीएफ उतरवा आणि बातमीचा संदर्भ स्वतःला ईमेल करा. संदर्भात वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि पान क्रमांक असायलाच हवा. स्मरणिकेच्या लेखात या तीन गोष्टी छापल्यात तर पुढच्या माणसाला तुमच्या खांद्यावर उभं राहता येईल. आनंदीबाईंबद्दल मराठीत इतकं ऐकीव लिहिलं गेलं आहे की हे मला फार कळकळीने सांगावंसं वाटतं. डेटाबेसमध्ये स्वतःचं वेगळं खातं काढायला सुचवतात, ते ऐच्छिक असतं. खातं काढलंत की तुमचं नाव आणि शोध कंपनीकडे जातात. ग्रंथालयातल्या तुमच्या नोंदी न्यू जर्सीत कायद्याने गोपनीय असतात, कंपनीच्या खात्याला ते संरक्षण तसंच मिळेल असं धरून चालू नका.

जनगणनेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. हेरिटेजक्वेस्ट हा डेटाबेस बहुतेक ग्रंथालयांतून घरून चालतो आणि त्यात संघराज्याच्या जनगणनेची मूळ पानं दिसतात. आनंदीबाई त्यात सापडणार नाहीत, कारण त्या १८८० नंतर आल्या आणि १८९० च्या आधी गेल्या. पण कार्पेंटर कुटुंब १८८० च्या नोंदीत शोधा. आनंदीबाई ज्या घरात उतरल्या त्या घरात कोण कोण होतं, कोणाचं वय काय, कोण काय काम करत होतं, हे एका पानावर मिळतं आणि लेखाला त्याने जीव येतो. १८९० च्या जनगणनेची पानं मात्र कोणीच देऊ शकणार नाही, १९२१ च्या आगीने आणि त्यानंतरच्या हेळसांडीने ती जवळपास सगळी गेली.

अॅन्सेस्ट्रीची ग्रंथालय आवृत्ती (वंशावळ शोधण्याचा डेटाबेस) घरून उघडत नाही म्हणून लोक आमच्याशी भांडतात. करोनाच्या काळात, २०२० पासून २०२१ अखेरपर्यंत, कंपनीने तशी सवलत दिली होती. ती संपली. आता ती ग्रंथालयात येऊनच वापरायची, हा परवान्याचा नियम आहे.

सगळंच कार्डाच्या आड आहे असंही नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं 'क्रॉनिकलिंग अमेरिका' जगात कुठूनही फुकट उघडतं आणि त्यात गावोगावची जुनी अमेरिकी वर्तमानपत्रं आहेत. न्यूयॉर्क टाइम्समध्ये चार ओळी आल्या असतील, तिथे एखाद्या लहान गावच्या पत्राने तीच बातमी रकानाभर छापलेली असू शकते. आनंदीबाईंच्या कॉलेजचे कागद आता फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या लेगसी सेंटरमध्ये आहेत. त्यांनी पुष्कळ काही ऑनलाइन ठेवलं आहे, जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली या सहविद्यार्थिनींबरोबरचं १८८५ चं प्रसिद्ध छायाचित्रही. डॉल बाईंचं चरित्र स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, इंटरनेट आर्काइव्हवर ते वाचता येतं. मराठीसाठी मात्र अमेरिकी डेटाबेसवर विसंबू नका. देवनागरी मजकूर त्यांत नसल्यात जमा. 'केसरी'त काय छापून आलं ते पाहायचं तर पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांकडेच वळावं लागेल, आणि तुम्ही डिसेंबरात जाताच आहात.

तर आता पुणे. तुमचं कार्ड पुण्यातून चालेल. प्रॉक्सी कार्ड तपासतो, तुम्ही कुठे बसला आहात ते बहुतेक वेळा विचारत नाही. काही कंपन्या परदेशातून येणारी मागणी अडवतात, म्हणून निघण्यापूर्वी सापडलेल्या बातम्यांचे पीडीएफ उतरवून घ्या आणि कार्डाची मुदत तपासा. सहा महिने राहणार असाल तर आधीच नूतनीकरण करून घ्या, कारण पुष्कळ ग्रंथालयं त्यासाठी पत्त्याचा पुरावा प्रत्यक्ष बघायला मागतात.

भाचीला कार्ड देऊ नका, ताई. प्रेमापोटी देतात सगळे, मला कळतं. पण परवाना कार्डधारकापुरता असतो. एकाच कार्डावरून दोन देशांतून भराभर पानं उतरवली गेली की कंपनी कधी कधी अख्ख्या ग्रंथालयाचा प्रवेश थांबवते, आणि त्या दिवशी गावातल्या एखाद्या शाळकरी मुलाचा प्रकल्प अडतो. शिवाय तिला त्याची गरजही नसेल. ती सरकारी विद्यापीठात किंवा सरकारी कॉलेजात असेल तर 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्राच्या योजनेत जानेवारी २०२५ पासून तिला तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं खुली आहेत. घरून कसं शिरायचं ते तिच्या कॉलेजचे ग्रंथपाल सांगतील. खासगी कॉलेजात असेल तर ही योजना सध्या तिला लागू नाही. मग तिने शोधगंगा धरावी, भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे पूर्ण वाचता येतात. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं 'ग्रंथसंजीवनी' हे जुनी पुस्तकं आणि नियतकालिकं पाहायला चांगलं आहे. जेस्टोरवर स्वतःचं फुकट खातं काढून महिन्याला शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात, आणि तिथल्याच 'साउथ एशिया ओपन आर्काइव्ह्ज'ला तर खातंही लागत नाही. दोघींनी काम वाटून घ्या: इकडची वर्तमानपत्रं तुम्ही, तिकडची मराठी साधनं तिने.

अडलात तर वेबसाइटवरच्या 'आस्क अ लायब्रेरियन'मधून आम्हाला लिहा. 'आनंदीबाईंवर काही आहे का' एवढंच लिहिलंत तर आम्हीही तेच तेच शोधत बसू. असं लिहा: मला जून १८८३ मधलं त्यांच्या आगमनाचं आणि मार्च १८८६ मधल्या पदवीदानाचं वृत्त हवं आहे, अमुक डेटाबेसमध्ये, अमुक स्पेलिंगांनी, अमुक तारखांत शोधलं, एवढं सापडलं, रोझेल किंवा एलिझाबेथच्या स्थानिक पत्राची मायक्रोफिल्म (पानांच्या छोट्या छायाचित्रांची फिल्म) कुठे बघायला मिळेल? हा शेवटचा प्रश्न जरूर घाला. युनियन काउंटीची त्या काळची सगळी पत्रं ऑनलाइन आलेली नाहीत, आणि जी मायक्रोफिल्मवर आहेत ती स्टेट लायब्ररी, ट्रेंटनचं स्टेट आर्काइव्हज किंवा नेवार्क पब्लिक लायब्ररीचा न्यू जर्सी विभाग यांच्याकडे आहेत का ते संदर्भ ग्रंथपाल एका दिवसात शोधून देऊ शकतो. स्मरणिका गणपतीत निघत असेल तर हे पत्र मे महिन्यातच पाठवा.